शब्द तुमचे, अक्षर माहं

सायमन मास्तर दाराला कुलूप लावायचे आणि ते तीनदा ओढून पाहायचे. दूधवाल्याच्या देखत दुधात बोट बुडवून डोळ्यांसमोर धरायचे. एस.टी.चा कंडक्टर घसा फोडून गावाचं नाव ओरडत असला, तरी खाली उतरून गाडीची पाटी स्वतः वाचून यायचे. आणि रविवारी धर्माच्या वर्गात आम्ही पोरं धडाधड उत्तरं द्यायला लागलो की आम्हीच दुधात पाणी घालून आणल्यासारखे आमच्याकडे बघायचे.

"जल्दी आलेलं उत्तर चोरीचं असते," ते म्हणायचे. "घरचं उत्तर याले टाइम लागते."

असा हा संशयी माणूस. आणि अमरावतीत त्या काळात त्यांच्यावर संशय घेतला नाही असा माणूस दिवा घेऊन शोधावा लागला असता. मिशनचे मास्तर पोरं बाटवतात, असं शेजारपाजार म्हणायचा. पोरं-पोरी एका सतरंजीवर बसवतात, हे आमच्या आईबापांना खुपायचं. आमचे मोठे फादर दूर देशातून आलेले, स्वभावाने गरीब. पण वर्गाच्या खिडकीशी त्यांची सायकल जरा जास्तच वेळ रेंगाळायची. आम्ही पोरंही काही मागे नव्हतो. बाकीच्यांनी मात्र नुसता संशय घेतला. मी तो कागदावर लिहिला, पाकिटात घातला आणि तिकीट लावून पोस्टात टाकला. म्हणून हे लिहायची पाळी माझ्यावर आली आहे.

मी तेव्हा नववीत होतो. वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर. आमची कॅथलिक घरं मोजकी, चर्चच्या आसपास विखुरलेली. सायमन मास्तरांच्या आधी जे धर्मशिक्षक होते त्यांच्या हातात वेताची छडी असायची, आणि पुस्तकातले प्रश्न ते छडीच्या तालावर विचारायचे. देव कोण, पाप म्हणजे काय, आत्मा कसा असतो, सगळं आम्हाला पाढ्यांसारखं पाठ. ते गेले आणि सायमन वानखडे नावाचे हे सडपातळ, पांढरी टोपी घालणारे, चाळिशी उलटलेले गृहस्थ आले. पहिल्याच रविवारी त्यांनी मला उभं केलं.

"नाव काय तुहं?"

"अंतोन."

"देवानं तुले कायले बनवलं, अंतोन?"

मी एका दमात उत्तर म्हणून टाकलं. मधे श्वाससुद्धा घेतला नाही.

"कुत्रं मांगं लागल्यावानी काहून पयतं रे लेका?" मास्तर म्हणाले. "बस खाली. आता तुह्या शब्दात सांग."

माझ्याकडे माझे शब्दच नव्हते. मी बसून राहिलो. मास्तरही बसून राहिले. बाकीची पोरं आधी हसली, मग चुळबुळली, मग त्यांच्या लक्षात आलं की पुढची पाळी आपली आहे. त्या दिवशी वर्ग सुटला तेव्हा एकाही प्रश्नाचं उत्तर झालेलं नव्हतं. लॉरेन्स हा आमच्यातला सर्वांत हुशार, पुस्तक शेवटापासून सुरुवातीपर्यंतही म्हणून दाखवणारा. तो बाहेर पडताच म्हणाला, "याले सोताले येत नाही, म्हनून आपल्याले विचारून रायला."

मास्तरांचा वर्ग म्हणजे चर्चच्या मागची पत्र्याची खोली. मधे सतरंजीवर आम्ही बारा-तेरा जण गोल बसायचो. मास्तर मात्र गोलात नसत. ते दाराशी, आमच्याकडे अर्धी पाठ करून बसत आणि मांडीवर तुटलेल्या जपमाळा घेत. गावोगावच्या बाया आपल्या तुटक्या माळा त्यांच्याकडे पाठवत. ते बारीक पकडीने तार वळवून मणी जोडत राहायचे आणि आम्ही बोलायचो. "माह्या तोंडाकडं पाहून बोलान तर मले आवडन थेच बोलान," असं त्यांचं म्हणणं. आम्ही कितीही भांडलो तरी ते मधे पडत नसत. फक्त कोणी मनात नसलेलं, शोभेचं काही बोललं की त्यांची पकड थांबायची. खोलीत ते लगेच कळायचं. बोलणारा आपसूक गप्प व्हायचा आणि मग खरं काय ते सांगायचा.

स्वतःच्या मुलीला, मार्थाला, त्यांनी या वर्गात बसू दिलं नाही. ती आमच्या एक वर्ग पुढे होती, नर्स होणार म्हणून लहानपणापासून सांगायची. "बाप बसेल असन तथी पोरगी खरं बोलत नाई," मास्तर म्हणाले. ती दुसऱ्या खोलीत बहिणींकडे, म्हणजे नन्सकडे, शिकायला जायची.

काही आठवड्यांनी मास्तरांनी बिस्किटांचा एक डबा आणला. झाकणाला चीर पाडलेली. जो प्रश्न तोंडाने विचारता येत नाही तो चिठ्ठीवर लिहून यात टाकायचा, नाव लिहायचं नाही.

"अक्षर तर ओळखू येते ना मास्तर," फिलोमिना म्हणाली. ती कुणालाच भीत नसे.

"येते. म्हनून डबा मी घरी नेईन. सगळ्या चिठ्ठ्या माह्या हातानं उतरवून काढीन. तुमच्या चिठ्ठ्या चुलीत टाकीन. दुसऱ्या आयतवारी माह्या चिठ्ठ्या अथी येतीन. शब्द तुमचे, अक्षर माहं. मंग कोनाचं बोट कोनाकडं जात नाई."

हे का, ते त्यांनी एकदाच सांगितलं. बार्शीटाकळीकडच्या एका खेड्यात ते नवखे धर्मशिक्षक असताना एका मुलीने असाच एक प्रश्न लिहून दिला होता. यांनी ती चिठ्ठी वर्गात वाचली आणि हातात धरून राहिले. तिच्या भावाने अक्षर ओळखलं. घरी तिला काय मार पडला ते मास्तरांनी सांगितलं नाही, पण सांगताना पकड थांबली होती. "तिच्या सवालात काही नोतं," ते म्हणाले. "मीच येडा. कागद झाकला नाई."

ऐकून आम्ही माना हलवल्या. बाहेर आल्यावर लॉरेन्स म्हणाला, "चुलीत टाकते म्हनते. टाकतानी पाह्यलं कोनी?"

कोणी पाहिलं नव्हतं. आणि त्या दिवसांत लिहून घेणाऱ्या माणसाची आम्हाला भीती होती. काही वर्षांपूर्वी मिशनच्या कामाची सरकारी चौकशी झाली होती. साहेब लोक येऊन माणसांचे जबाब लिहून घेऊन गेले होते. तुला कोणी पैसे दिले का, धमकी दिली का, कशासाठी ख्रिस्ती झालास. माझ्या वडिलांनाही विचारलं होतं. तेव्हापासून घरात कोणी वही उघडली की आई आधी दाराकडे बघायची.

त्यात एका रविवारी फिलोमिनाने मास्तरांच्या हातची एक चिठ्ठी वाचली आणि सहज उलटी केली. मागे टाइप केलेला मजकूर. अर्धा फाटलेला, पण वरचा शब्द ठळक दिसत होता : जबाब. खाली कुणा साक्षीदाराचं वय, धंदा, राहणार. आम्ही बाकीच्या चिठ्ठ्या उलटल्या. सगळ्यांच्या मागे कोर्ट.

"अबे, हे पाय," लॉरेन्स कुजबुजला. आम्ही घाबरलो होतो, आणि खोटं कशाला बोलू, मजाही वाटत होती.

मास्तरांनी मागे वळूनही न बघता सांगितलं, "वकीलसाहेबाकडची रद्दी हाय. कोरी बाजू कायले वाया घालवाची?"

वकीलसाहेब म्हणजे मास्तरांचे शेजारी, जुन्या भिक्षुकी घराण्यातले निवृत्त वकील. संध्याकाळी ओट्यावर दोघांचा बुद्धिबळाचा डाव चालायचा. "मास्तर, तुमच्या येशूला आणि आमच्या कोर्टाला, दोघांनाही साक्षीदारावाचून चालत नाही," असं वकीलसाहेब म्हणायचे आणि मास्तरांचा घोडा मारायचे. सरळ दोस्ती होती. पण आम्हाला सरळ काही दिसेनासं झालं होतं. मिशनचा मास्तर, बामन वकील, मधे कागद. लॉरेन्सने तर शपथेवर सांगितलं की मास्तर वकिलाला कागद देताना त्याने पाहिले. वकिलाकडून घेतानाही पाहिले असतील. ते मात्र तो सांगत नसे.

आता माझ्या चिठ्ठीकडे येतो.

माझी आजी, आईची आई, भातकुलीकडे राहायची. छपन्न साली मामाचं सगळं कुटुंब बौद्ध झालं, आजीही झाली. आई तेवढी लग्न होऊन आमच्यात आलेली. पण आजीच्या घरी आमच्या ताटात कधी फरक पडला नाही. मी गेलो की ती चुलीपुढून उठायचीच नाही. त्या उन्हाळ्यात ती गेली. आम्ही मातीला जाऊन आलो. आई महिनाभर गप्प होती, आणि माझ्या डोक्यात पुस्तकातलं एक पाठ केलेलं वाक्य फिरत होतं. शेवटी मी चिठ्ठी लिहिली : "माझ्या आजीचा बाप्तिस्मा झाला नव्हता. ती चांगली होती. ती कुठे गेली?"

पुढच्या रविवारी ती मास्तरांच्या गोल, वळणदार अक्षरात गोलात आली. फिलोमिनाने वाचली. लॉरेन्सचा हात लगेच वर.

"नरकात. पुस्तकात सरळ लिहेल हाय. बाप्तिस्म्याबिगर तारन नाई."

"मंग तू पुस्तकाच्याच घरी जेव," फिलोमिना म्हणाली. "आजी कायले पाह्यजे तुले?"

थोडी खडाजंगी झाली. पकड थांबली. मास्तर पहिल्यांदाच पूर्ण वळून आमच्याकडे तोंड करून बसले.

"लॉरेन्स, तुहं उत्तर झालं. आता थे उत्तर त्या आजीच्या नातवाच्या तोंडाकडं पाहून दे."

"कोन हाय थो?"

"थे सांगाचं नाई. म्हनून सगळ्यायच्या तोंडाकडं पाय. एकेकाच्या. आन् मंग बोल."

लॉरेन्सने पाहिलं. माझ्याकडेही पाहिलं. सगळी तोंडं पाहून झाली तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "मले नाई सांगता येत."

"हे पाय," मास्तर म्हणाले, "हे उत्तर चोरीचं नाई." आणि पुन्हा दाराकडे तोंड करून मणी ओवू लागले.

इतकं हलकं मला आयुष्यात फार कमी वेळा वाटलं आहे. घरी येताना मी रस्ताभर उड्या मारत आलो. मास्तरांनी देवाची काही बाजू सांगितली नाही, आजीची सांगितली नाही. पण माझ्या आजीला नरकात घालायला निघालेला लॉरेन्स माझ्याकडे बघून थांबला होता, आणि मला ते पुरे होतं.

आठ दिवसांनी मोठे फादर आमच्या घरी आले. वडिलांशी दवाखान्याचं बोलले, उठताना माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "अंतोन, आजीबद्दल तुझ्या मनात प्रश्न आहेत ना? घाबरू नकोस. प्रार्थना कर."

मी कुणालाही सांगितलं नव्हतं. आईला नाही, लॉरेन्सला नाही. चिठ्ठी एकाच माणसाने पाहिली होती. म्हणजे चुलीत काही जात नव्हतं. सगळं फादरकडे जात होतं, आणि फादरकडे जात होतं तर वकिलाकडेही जात असणार, आणि मग सरकारकडे. एकदा कुलूप ओढून पाहायची सवय लागली की प्रत्येक कुलूप ढिलं वाटतं. ज्या माणसाने मला सर्वांत मोठा आधार दिला, त्याचाच मला सर्वांत जास्त राग आला. तो राग खरा होता, एवढंच माझ्या बाजूने सांगता येईल.

मी डाव्या हाताने पत्र लिहिलं, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून. "सायमन मास्तर मुलांची लेखी गुपिते घरी नेतात. ती बाहेरच्या वकिलास दाखवितात. कोणत्याच प्रश्नाचे उत्तर देत नाहीत व मुलांचा विश्वास बिघडवितात. त्यांना मुलांत ठेवू नये." खाली सही : एक श्रद्धाळू. फादरचा पत्ता घातला आणि आमच्या मोहल्ल्याची पेटी सोडून थेट स्टेशनजवळच्या पेटीत टाकून आलो. हुशारी बघा.

पंधरा दिवसांत मास्तरांची बदली झाली. धारणीच्या पलीकडे, मेळघाटातल्या एका वस्तीवर, लहान मुलांना शिकवायला. आमच्या वर्गावर फादर स्वतः आले आणि पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून सुरू झालं. लॉरेन्स सगळी उत्तरं द्यायचा. कोणी कुणाच्या तोंडाकडे बघत नसे.

ते निघाले त्या सकाळी मी बसस्टँडवर गेलो होतो. का गेलो, ते मलाही नीट माहीत नव्हतं. लांब एका टपरीआड उभा होतो. टपावर दोन ट्रंका आणि गादीची वळकटी चढली होती. मास्तरांची बायको खिडकीशी बसली होती, शेजारी मार्था पदराआड रडत होती. धारणीपलीकडे मुलींची शाळा कुठली! मॅट्रिकला एकच वर्ष उरलं होतं तिचं. मास्तर पाटी वाचायला खाली उतरले आणि त्यांनी मला पाहिलं.

"अंतोन! लपून काहून रायला? इकडं ये."

मी गेलो. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं, मग खिशातून एक जपमाळ काढली. माझ्या आईची. महिन्यापूर्वी दुरुस्तीला दिलेली. "आईले दे. तार पक्की केली हाय." गाडी सुरू झाली तसे पायरीवर चढता चढता म्हणाले, "लिवत राय बरं. सोडू नोको."

लिवत राय! चिठ्ठ्या म्हणाले, की पत्र? त्या दोन शब्दांनी मला पुढची कित्येक वर्षं छळलं.

जपमाळ आईला दिली तेव्हा ती हातात घेऊन आई एकदम रडायला लागली. "मास्तर भले होते," ती म्हणाली. "मायीचं मले कोनाजवळ बोलाची हिंमत नोती. मंग एक दिवस मीच फादरले जाऊन विचारलं, माह्या मायच्या नावानं मिस्साची प्रार्थना करता का म्हनून. म्हनलं, पोरगा पन त्याच इचारात रायते, तोंडावरून दिसते त्याच्या."

माझा प्रश्न आईचाही होता. तिने तो सरळ फादरला विचारला होता. मास्तरांनी कुणाला काही सांगितलं नव्हतं. तेव्हा उठून फादरकडे जायला हवं होतं. पन्नास पावलांवर त्यांची खोली होती. ती पन्नास पावलं मी चाललो नाही, आणि त्याला वय लहान होतं याशिवाय दुसरं कारण मला अजून सापडलेलं नाही. ते कारणही जल्दी आलेलं आहे.

पुढे मी रेल्वेच्या टपालात सॉर्टर म्हणून अकोल्याला लागलो. दिवसभर लोकांची अक्षरं बघायची आणि खणात टाकायची. डाव्या हाताने लिहिलेली पाकिटं मला लांबून ओळखू यायला लागली. प्रत्येक हाताची एक ओढ असते, ती हात बदलला तरी जात नाही. हे ज्या दिवशी माझ्या लक्षात आलं त्या दिवशी माझं कामात चित्त नव्हतं. महिनोन् महिने, आठवड्याला आठवडा, आमची अक्षरं उतरवून काढणाऱ्या माणसाला मी काय फसवणार होतो?

अडुसष्टच्या सुमाराला मास्तर अकोल्याला आले. बायको वारली होती, डोळे अधू झाले होते. मार्थाबाई एका दवाखान्यात आया होत्या. मॅट्रिक झाल्या असत्या तर नर्स झाल्या असत्या. चर्चमध्ये गाठ पडली आणि मी दर रविवारी त्यांच्या खोलीवर जायला लागलो. मास्तर अजून माळा दुरुस्त करायचे. तार मी ओवून द्यायचो, पकड ते चालवायचे. मार्थाबाई चहा करायच्या.

"शनिवारच्या चहाले तुमचे सवाल जयत होते," त्या एकदा हसून म्हणाल्या. "बाबा एकेक चिठ्ठी चुलीत घालत. मले वाचू नाई देत. म्हनत, धूर घे, शब्द नोको घेऊ."

मी चहा तसाच ठेवला.

तीनदा मी बोलायचा प्रयत्न केला. पहिल्या वेळी मास्तरांना खोकल्याची उबळ आली. दुसऱ्या वेळी मीच भलतंच काही विचारून वेळ मारून नेली. तिसऱ्या वेळी मी नेट करून म्हणालो, "मास्तर, तुमच्याबद्दल एक पत्र गेलं होतं..."

"माह्याकडं सवाल येत," ते म्हणाले. "पत्र नाई येत. तार ओव."

"पण मास्तर..."

"अंतोन, तार ओव."

त्यांची पकड थांबली होती. मी तार ओवली. त्यांना माहीत आहे असं एका रविवारी वाटायचं, नाही असं दुसऱ्या रविवारी. माहीत असतं तर चहा पाजला असता का? माहीत नसतं तर बोलू दिलं नसतं का? मी ती दोन वर्षं त्यांच्या चेहऱ्यावर पाळत ठेवून काढली. लहानपणी त्यांनी फितुरी केली म्हणून संशय घेतला. आता ते मला क्षमा करत आहेत, असा संशय घेत होतो. तो जास्त जड होता.

एका हिवाळ्यात, दुपारी खाटेवर बसल्या बसल्या, मास्तर गेले. अमरावतीहून मोठे फादर एस.टी.ने आले. खूप म्हातारे झाले होते. शवपेटी खोलीच्या मधे ठेवलेली, दारात माणसं उभी. फादर मार्थाबाईंजवळ बसले आणि त्यांनी आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकातून एक घडी केलेला कागद काढला.

"हा मी तुला द्यायला आणला, मुली. तुझ्या वडिलांविरुद्ध मला एक निनावी पत्र आलं होतं. मी त्यांना दाखवलं. त्यांनी एकदा पाहिलं आणि म्हणाले, हे अक्षर मी ओळखतो. मी म्हणालो, मग मुलाचं नाव सांगा. मी त्याला प्रेमाने विचारीन, तुमच्यावरचा आरोप जाईल, तुम्ही इथेच राहाल. त्यांनी पत्र एका रात्रीपुरतं घरी मागितलं. दुसऱ्या दिवशी हे आणून दिलं. मूळ पत्र चुलीत गेलं म्हणाले. मला राग आला. जो माणूस पत्र जाळतो त्याला काही लपवायचं असतं, असं मला वाटलं. म्हणून मी त्यांना पाठवून दिलं." फादरनी पुस्तक मिटलं. "शब्द त्याचे आणि अक्षर माझं, एवढंच ते बोलले. मला तेव्हा कळलं नाही."

मार्थाबाईंना वाचवेना. त्यांनी कागद माझ्या हातात दिला, वाचून दाखवा म्हणून.

मागे कोर्टाचा टाइप. पुढे मास्तरांचं गोल अक्षर. सायमन मास्तर मुलांची लेखी गुपिते घरी नेतात. त्यांना मुलांत ठेवू नये. माझं एकेक वाक्य त्यांनी स्वतःच्या हाताने, एक काना न बदलता, स्वतःविरुद्ध उतरवून काढलं होतं. "एक श्रद्धाळू" सुद्धा. मी शेवटपर्यंत वाचलं. कसं वाचलं ते विचारू नका.

"नाव कोनाचं होतं, फादर?" मार्थाबाईंनी विचारलं.

"मला माहीत नाही. त्यांनी ते कधीच सांगितलं नाही."

मी खिशातलं पेन काढलं. कागद भिंतीवर धरला, पेन डाव्या हातात घेतलं आणि त्या मजकुराखाली पहिलं वाक्य पुन्हा लिहिलं. तीच वाकडी, उलटी झुकलेली अक्षरं आली. मग पेन उजव्या हातात घेऊन खाली माझं नाव लिहिलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. आणि कागद फादरना न देता मार्थाबाईंना दिला, त्यांच्या तोंडाकडे बघून.

त्यांनी कागद पाहिला. मग मला पाहिलं. त्या बघण्यात बसस्टँड होतं, मॅट्रिकचं राहिलेलं वर्ष होतं, दोन वर्षांच्या रविवारचा चहा होता.

"बाबायले मालूम होतं? तुमी येत होते तवा?"

"हो."

बाहेर कुणीतरी खाकरलं. त्यांनी कागदाची घडी घातली, फळीवरचा बिस्किटांचा डबा काढला, तोच डबा, आणि झाकणाच्या चिरेतून कागद आत सोडला.

"आज मी उत्तर नाई देत," त्या म्हणाल्या. "लोक थांबले हायेत. चला, खांदा द्या."

मी खांदा दिला.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. अजूनही मी रविवारी त्यांच्याकडे जातो. चहा मिळतो, कधी कधी पोहेही मिळतात. डबा फळीवर असतो. मार्थाबाईंचं उत्तर अजून आलेलं नाही, आणि घाई करा म्हणायला मला तोंड नाही.